स्थिती समाधानकारक

पिंप्राळा, जळगाव
१४ ऑक्टोबर

भाऊ,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नाही. हात वळत नाही. पत्र बघून तुला वाटेल, रत्नाला आज कागदाची काय हौस आली, फोन नाही का तिच्याकडे? आहे. पण फोनवर तू "मी जरा मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. रिटायर माणसाची कसली रे मीटिंग? पत्र असं मध्येच तोडता येत नाही. तू बाजूला टाकलंस तरी सुनंदावहिनी उचलून वाचेल, एवढी मला खात्री आहे.

तर ऐक. आमची खोली गेली. सप्टेंबरात नाल्याला पाणी आलं, पेपरात आलं होतं 'काही घरांचे नुकसान'. त्या काहींमध्ये मी होते. पत्रे, गादी, शेगडी, चैतालीचं दप्तर, यांचा हार घातलेला फोटो, सगळं वाहून गेलं. उरलेल्या भिंती धोक्याच्या म्हणून पाडल्या आणि आम्हाला एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये आणून ठेवलं. बाहेरच्या फळ्यावर खडूने 'तात्पुरता निवारा' लिहिलंय. आत साड्या बांधून ज्याने त्याने आपलं घर केलंय. माझ्या एका बाजूला तानुबाई, पारोळ्याकडची म्हातारी, नातवंडांना घेऊन. दुसऱ्या बाजूला सुगराबी आणि तिचा नातू हसनैन, अजून बोबडं बोलतो. सुगराबी शिंकली की माझी भिंत हलते.

मी काही मागायला लिहीत नाही, उगाच घाबरू नकोस. डाळमिलमधलं माझं काम चालू आहे. चैतालीला सकाळी दूध येतं, दुपारी खिचडी येते, आणि तिची शाळा इथून लांब पडते म्हणून मुलांना न्यायला टेम्पो येतो. सरकारने पोरांसाठी तेवढं केलंय, नाही म्हणत नाही. खोटं कशाला बोलू?

पण एक विचारायचंय, कारण तू जन्मभर अशाच ऑफिसात बसलास. बाप नसलेल्या मुलांना महिन्याला मदत मिळते म्हणे, आई असली तरी. ती सुरू झाली तर मी भाड्याने खोली घेईन आणि चैतीला घेऊन या हॉलमधून निघेन. त्या अर्जाला राहत्या घराचा पत्ता लागतो. आणि घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटो लागतो. आता मला सांग, घर नाही म्हणून मदत पाहिजे, आणि मदत पाहिजे तर घर दाखवा. अशा वेळी तुम्ही लोक समोरच्याला काय सांगायचात? की चहाला उठून जायचात?

हळदीचा विषय मी काढत नाही. तुझ्या लेकीच्या पाटाजवळून मला दंडाला धरून बाजूला नेलंस आणि "रत्ना, लोक बघतात" म्हणालास. विधवेच्या हाताची हळद लागली तर पोरीचं काय वाईट होणार होतं, ते तुलाच माहीत. मग मी भर मांडवात तुझ्यावर ओरडून लोकांना खरंच बघण्यासारखं केलं. परत वेळ आली तर परत करीन. ते तिकडे राहू दे. पत्त्याचं तेवढं कळव.

रत्ना


९ नोव्हेंबर

भाऊ,

तुझं उत्तर नाही. भाऊबीजही गेली. चैतालीने विचारलं, "मामाला ओवाळायला जायचं नाही का?" मी म्हटलं, मामा मीटिंगमध्ये आहे. ती एवढी हसली की मलाही हसू आलं.

तू सांगितलं नाहीस, मग आम्हीच आमची अक्कल चालवली. आता तू हस.

इथे शाळेच्या वॉचमनची एक खोली आहे. निळं दार, वर गणपतीची टाइल, बाजूला तेलाच्या डब्यात तुळस. अगदी घरासारखं घर. अर्ज घेतात त्या ऑफिसातून स्वप्नील नावाचा पोरगा येतो आमच्याकडे. कंत्राटावर आहे बिचारा, त्याच्या हातात काही नाही, पण आम्ही सगळ्या त्यालाच ओरडतो, कारण दुसरं कुणी समोर येतच नाही. तर स्वप्नील म्हणाला, "ताई, फोटो घराचाच पाहिजे, हॉलचा चालत नाही." मग काय, सगळ्यांनी त्या निळ्या दारासमोर उभं राहून फोटो काढले. तानुबाईने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सुगराबीची पाळी आली तशी ती वर बघून म्हणाली, "अगं बेटा, माझ्या फोटोत गणपती कसा चालेल?" मग तिच्या वेळी टाइलवर टॉवेल वाळत घातला. चैतालीचे केस मी चोपून विंचरले आणि तिला दाराच्या कडीला हात लावून उभी केली, जशी काही आताच शाळेतून येऊन दार उघडतेय.

ऑफिसातल्या साहेबांनी सगळे अर्ज टेबलावर एका ओळीत मांडले. "तुम्ही सगळ्या एकाच घरात राहता का?" विचारलं. मीच म्हटलं, "हो साहेब, एकाच घरात राहतो, तुमच्याच हॉलमध्ये. येऊन बघा." त्यांना ते उर्मट वाटलं. अर्ज परत.

मी उर्मट आहे, मान्य. पण खोटं काय बोलले?

स्वप्नील म्हणाला, खचू नका, पुढच्या महिन्यात पाहणी आहे. वरून साहेब येऊन मुलांची स्थिती बघणार. तो अहवाल चांगला गेला तर दूध, जेवण, टेम्पो पुढे चालू राहील आणि घराची अट शिथिल करायला वर लिहिता येईल. त्याने 'अहवाल चांगला गेला तर' असं म्हटलं होतं, भाऊ. हे शब्द लक्षात ठेव. आम्हीही ठेवलेत.

पाहणीचं काय होतं ते पुढच्या पत्रात कळवते.

रत्ना


२० डिसेंबर

भाऊ,

आता खरंच फसलो. आणि या वेळी ऑफिसवाल्यांना शिव्या घालायला निघाले की मधेच जीभ अडखळते, कारण निम्म्या शिव्या आमच्याच वाट्याला येतात.

पाहणीचे साहेब येणार हे कळलं आणि हॉलमध्ये लग्नघर झालं. साहेब नाशिकहून निघून सकाळी धुळ्यात दुसरं काम आटोपून इकडे येणार होते, म्हणजे पोचेपर्यंत जेवणाची वेळ. तानुबाईने कंबरेला पदर खोचला. "पाव्हना दारम्हाईन उपाशी जाई का वं? आपू काय भिकारी शेतस का?" एवढं म्हटल्यावर कुणाची टाप आहे नाही म्हणायची! तुला माहीत आहे ना आपल्याकडचं. पाहुणा आला की घरात काय नाही ते त्याला दिसता कामा नये.

तानुबाईचा भाचा फैजपूरला असतो, त्याने बामणोदची वांगी आणली, पांढुरकी, हिरवट, हातात मावणार नाहीत एवढाली. भरताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या पळकाट्या आणल्या. शाळेच्या मैदानात जाळ केला. हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, सगळं कुणी कुठून, कुणी कुठून आणलं. मी पुऱ्या लाटल्या. सुगराबीने शेजारच्या मोहल्ल्यातून खुर्च्या आणि जेवायला स्टीलची ताटं आणली. साड्यांच्या भिंती धुऊन परत बांधल्या. जमीन घासली. पोरांना आंघोळी घातल्या, डोक्याला तेल, नखं काढली, आणि ज्यांना धड कपडे नव्हते त्यांना ओळखीपाळखीतले मागून घातले. चैताली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्रॉकमध्ये अशी दिसत होती की मीच बघत राहिले.

साहेब आले. चांगला माणूस, खोटं नाही बोलणार. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "काय रे, काही त्रास आहे का इथे?" आम्ही सगळ्या आया भिंतीशी उभ्या. चैतालीने तोंड उघडलं. दुधात पाणी असतं, बाथरूमला कडी नाही, पावसात हॉल गळतो, हे सगळं तिला सांगायचं होतं, मला तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि मी डोळे वटारले. पाहुण्यासमोर रडगाणं? माझ्या पोरीने? ती गप्प बसली. सगळी पोरं गप्प बसली. साहेब जेवले, भरीत परत मागून घेतलं, "असं भरीत आयुष्यात खाल्लं नाही" म्हणाले. तानुबाईने हात जोडले. आम्हाला वाटलं, गड जिंकला.

परवा अहवाल आला. 'बालकांची स्थिती समाधानकारक. परिसर स्वच्छ. बालके नीटनेटकी व आनंदी. कुटुंबे स्वतःच्या पायावर उभी राहू लागल्याचे दिसून आले. पूरक सुविधांची आवश्यकता वाटत नाही.' स्वप्नीलनेच वाचून दाखवला. कालपासून दूध बंद, खिचडी बंद, टेम्पो बंद. घराच्या अटीचं तर नावच नाही.

तानुबाई त्या चुलीपाशी जाऊन बसली होती. म्हणाली, "मना हातनं भरीत त्याले गोड लागनं, आनि पोरेस्नं दूध गयं." मला तिच्यावर चिडायचं होतं, चिडता आलं नाही. पुऱ्या तर मीच लाटल्या होत्या.

चैताली माझ्याशी बोलत नाही. काल एकच वाक्य बोलली, "मी सांगणार होते ना." बरोबर आहे तिचं. टेम्पो नाही म्हणून शाळाही नाही. मी पहाटे मिलला जाते, ती दिवसभर हॉलमध्ये. रिक्षा परवडत नाही आणि एवढ्या लांब हायवे ओलांडून तिला एकटीला मी पाठवणार नाही. तू म्हणशील, काम सोड. सोडते. मग खाऊ काय, तुझं मौन?

या वेळी उत्तर दे, भाऊ. रागाने दे, पण दे. अशा अहवालावर काय करायचं असतं?

रत्ना


१८ जानेवारी

भाऊ,

तुझं पत्र मिळालं होतं. तेव्हा मी ते डोळ्यांना लावलं होतं, हे आज सांगून टाकते, कारण आज मला ते फाडावंसं वाटतंय.

तू लिहिलंस, 'फेरपाहणीचा अर्ज करावा. पाहणीवेळी कोणताही देखावा न करता वस्तुस्थिती दाखवावी. बालकांना मोकळेपणाने बोलू द्यावे.' बहिणीला पत्र लिहितोस की खात्याला? पण सल्ला बरोबर वाटला. मी हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. माझा भाऊ हेडक्लार्क होता, त्याला या गोष्टी कळतात, असं मान वर करून सांगितलं.

फेरपाहणी मिळाली. या वेळी कुणी झाडूला हात लावला नाही. चूल पेटवली नाही. तानुबाई बिचारी तळमळत होती, तिला मी ओरडून बसवलं. पोरांना जशी आहेत तशी ठेवली. पाणी येत नसल्याने त्यांना आंघोळी नव्हत्याच. हसनैन नाक गळत, उघड्या पायांनी फिरत होता. आणि मी, भाऊ, मी तर मिलमध्ये होते. तूच म्हणालास ना, देखावा करायचा नाही. सुट्टी काढून दारात उभं राहणं हासुद्धा देखावाच झाला असता. मी रोज नसते, म्हणून नव्हते.

या वेळी मॅडम आल्या. त्यांनी चैतालीला विचारलं, आई कुठे? चैताली मोकळेपणाने बोलली. मीच शिकवून ठेवलं होतं, काही लपवू नकोस, सगळं सांग. तिने सगळं सांगितलं. आई पहाटे जाते, मी दिवसभर इथेच असते. शाळेत महिनाभर गेले नाही. दुपारी सुगराबी आजी देते ते खाते, नाहीतर आई येईपर्यंत थांबते. बाथरूमला कडी नाही म्हणून मी जातच नाही. मॅडमनी एकेक शब्द लिहून घेतला.

मला वाटलं, चला, आता दूध येईल, टेम्पो येईल. आला कागद. 'बालिका दिवसभर पालकाविना आढळली. शाळाबाह्य. अस्वच्छ. आईचे दुर्लक्ष स्पष्ट दिसते. सदर निवारा मुलीसाठी असुरक्षित.' पुढे काय लिहिलंय वाच: चैतालीला मुलांच्या समितीपुढे हजर करायचं आणि मुलींच्या बालगृहात ठेवायचं. इथे जागा नाही, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात.

मी ऑफिसात गेले. म्हटलं, टेम्पो तुम्ही बंद केला म्हणून शाळा बंद, तुम्ही मला दुर्लक्ष करणारी म्हणता? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ताई, रागावू नका, मुलीचं हित बघा. तिथे तिला दूध, नाश्ता, दोन वेळचं जेवण, शाळा, गणवेश, सगळं मिळेल. मुलीसाठी सरकार सगळं करतं." मी म्हटलं, तेच तिला माझ्याजवळ द्या ना! यातलं निम्मं द्या, एक पेला दूध द्या! तर म्हणतात, तशी तरतूद या योजनेत नाही.

ऐकतोयस ना? पोर माझ्याजवळ आहे तोवर तिला काही नाही. माझ्यापासून तोडली की सगळं आहे. ही कुठली अक्कल, भाऊ? कुणी बसून ठरवलं हे? तुझ्या ओळखीतलं असेल कुणी तर विचार त्याला. माझं डोकं फुटायची वेळ आलीय.

चैतालीला कळलंय. साड्यांच्या भिंतीत काही लपत नाही. काल ती स्वतःचे केस स्वतःच विंचरत बसली होती, परत परत, भांग मोडून परत. मी म्हटलं, पुरे गं. तर म्हणाली, "आता मी स्वच्छ राहिले तर?" मी बाहेर जाऊन रडले. तिच्यासमोर नाही रडले.

स्वप्नीलने एक वाट सांगितली. समितीपुढे जवळचा नातेवाईक उभा राहिला, स्वतःचं घर असलेला, नोकरी केलेला, आणि म्हणाला की आई नीट सांभाळते, मी पाठीशी आहे, तर समिती मुलगी आईकडे ठेवू शकते. मला असा नातेवाईक एकच आहे.

आता मागते, भाऊ. पहिल्या पत्रात म्हटलं होतं मागत नाही, ते राहू दे. येत्या गुरुवारी सकाळी ये. काही देऊ नकोस, काही आणू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस हवं तर. फक्त उभा राहा आणि म्हण, ही माझी बहीण आहे, पोर हिच्याजवळच राहू द्या. एवढं एकच वाक्य म्हण. पाया पडते.

रत्ना


१२ फेब्रुवारी

भाऊ,

चैतालीला घेऊन तू गेलास त्याला आता काही आठवडे झाले, आणि तुझ्याशी काय बोलायचं ते मला आज सुचतंय.

तू आलास. पहिल्या बसने आलास, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत पिशवी. तुला फाटकातून येताना बघितलं आणि माझा सगळा राग पळाला. मला वाटलं, आला माझा भाऊ. चैताली तर धावत जाऊन तुला बिलगली, आणि तुझे डोळे भरले, ते मी बघितलं. नाही म्हणू नकोस.

मग आत तुला बोलायला सांगितलं. तू किती छान बोललास! तुझ्या ऑफिसात सगळे तुला का मानायचे ते त्या दिवशी कळलं. "मुलीच्या हिताचा विचार करता," असं सुरू केलंस. स्वतःचं घर, धुळ्यात देवपूरला, शाळा जवळ, घरात पत्नी, आता मुलीही सासरी गेल्या. "मुलगी माझ्याकडे राहील. मी जबाबदारी घेतो."

मी तुला हे म्हणायला बोलावलं नव्हतं.

समितीतल्या बाई किती खूश झाल्या! इतके महिने जे अडलं होतं ते तुझ्या दोन वाक्यांत सुटलं. चैतालीला विचारलं, मामाकडे राहशील ना? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई कुठे राहील?" ते कुणी लिहून घेतलं नाही. मला विचारलं, तुमची हरकत आहे का? बालगृह की मामा, एवढंच होतं समोर. मी म्हटलं, नाही. माझ्या तोंडून गेलं ते, माझ्याच. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, बघ कसं निभावलं, अशी.

तू वाईट नाहीस. हेच तर मला जाळतं. तू वाईट असतास तर मी तुझ्या दारात येऊन ओरडले असते. तिला नवे कपडे घेतलेस, शाळेत नाव घातलंस, रोज संध्याकाळी फोन लावून देतोस, मध्येच फोन ठेवून देतही नाहीस आता. ती म्हणते मामी केसांना तेल लावते, मामी दूध देते, साय काढून देते कारण मला साय आवडत नाही. मी 'हो का, हो का' करते. आणि फोन ठेवला की सुगराबी न विचारता माझ्याजवळ येऊन बसते.

परवा स्वप्नील सांगायला आला, चैतालीची मदत मंजूर झाली. तीच, ज्यासाठी आम्ही निळ्या दारासमोर उभ्या राहिलो होतो. तुझ्या नावाने मंजूर झाली, कारण पोर तुझ्याकडे आहे आणि तुला घर आहे. त्याला वाटत होतं मी चिडेन. मला चिडायचं त्राण नव्हतं. मी त्याला पाणी दिलं.

पण खरं जे सांगायला तो आला होता, ते अजून बाकीच होतं. पाणी पिऊन झाल्यावर मान खाली घालून म्हणाला, "ताई, निवारा मुलं असलेल्या कुटुंबांसाठी आहे. चैतालीचं नाव कमी झालं. तुम्हाला जागा सोडावी लागेल." मी म्हटलं, मग मी कुठे जाऊ? म्हणाला, एकट्या बायकांसाठी वेगळी सोय असते, पण ती सध्या चालू नाही.

मी हसायला लागले, भाऊ. तानुबाई घाबरली. "काय वं माय, काय हुयनं तुले?" तिला काय सांगू काय झालं ते! पोरीला घर नाही म्हणून माझी पोर नेली, आणि पोर नाही म्हणून माझं उरलंसुरलं छप्पर नेलं. आणि दोन्ही वेळा सगळे माझ्याशी किती गोड बोलले.

मग मी बसून विचार केला. चिडून नाही, शांतपणे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच शांतपणे. चैताली कुठे आहे? तुझ्याकडे. मग तिची आई कुठे असायला पाहिजे? ऑफिसात हे कुणाला सुचत नाही, समितीला सुचलं नाही, तुला सुचलं नाही. तू जबाबदारी घेतलीस ना, कागदावर सही करून? पोर तिच्या आईसकट येते, भाऊ. अर्धी ठेवून घेता येत नाही.

तेव्हा मी येते आहे. राहायला येते आहे. हे विचारत नाही, कळवते आहे. वहिनीला सांग, पाहुणी म्हणून वागवू नकोस, मला काही वाढू नकोस, स्वयंपाक मी करीन. धुळ्यातही डाळमिल आहेतच, कुठे ना कुठे काम मिळेल, आणि खोली मिळाली की चैतीला घेऊन निघेन. तोवर हॉलमध्ये जेवढी जागा होती तेवढी मला पुरते. भांडण होईल. होऊ दे. आपल्या दोघांना भांडायची सवय आहे, पोरीला आईवाचून राहायची नाही.

सामान काही नाही, एक पिशवी आहे. शुक्रवारी मिलमधला हिशेब घेऊन दुपारच्या एसटीने निघते, संध्याकाळी देवपूरला पोचेन.

चैतालीला आधी सांगू नकोस. दूध येणार, टेम्पो येणार, घर मिळणार, साहेब येणार, असं ऐकून ती इतके महिने दाराकडे बघत बसलीय. मी दारात उभी राहीन तेव्हाच तिला हाक मार.

रत्ना